रमटोल कुणाचा शब्द

आमच्या कंपनीत नवे सिक्युरिटी ऑफिसर आले, त्याच आठवड्यात त्यांनी मला गेटवर थांबवलं. मला वाटलं, आयकार्ड गळ्यात नसेल म्हणून. पण ते होतं.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तुमचे वडील कुठल्या युनिटला होते?"

"कसलं युनिट?"

"फौजेत. कुठली रेजिमेंट?"

माझे वडील पिंपरीला एका कारखान्यात फिटर होते. जन्मभर त्यांनी खाकी कपडा घातला तो कारखान्याच्या गणवेशाचाच. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

"मग मिस्टर फौजेत असतील."

"ते बँकेत आहेत."

"भाऊ?"

"मला भाऊ नाही. का बरं?"

ते जरा अवघडले. सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, माणदेशाकडचा हा उंच माणूस. कंपनीत सगळे त्यांना सुभेदार म्हणूनच ओळखायचे. ते म्हणाले, "सकाळी मी शेडजवळ होतो. तुम्ही नव्या पोरांना म्हणालात, फॉलिन व्हा. मग नफरी किती, ते विचारलंत. मग म्हणालात, काशनशिवाय मशीनला कुणी हात लावायचा नाही. घरात फौजी असल्याबिगर बाईमाणसाच्या तोंडात काशन येत नाही हो."

मी चाकणच्या या कंपनीत ट्रेनिंगचं काम बघते. परभणी, वाशीम, बीड, खेड अशा गावांतून आयटीआय झालेली मुलं-मुली येतात, त्यांचे सुरुवातीचे दिवस माझ्याकडे. बूट कुठले घालायचे, कुठे उभं राहायचं, कुठल्या बटणाला हात लावायचा नाही, असं सगळं. फॉलिन म्हणजे रांगेत या, नफरी म्हणजे माणसं किती आहेत ते, काशन म्हणजे हुकूम. मी हे शब्द इतकी वर्षं बोलत होते की ते कुणाचे आहेत असं कधी मनातच आलं नव्हतं. भाकरीला भाकरी म्हणतो तसं नफरीला नफरी.

"शेजारी एक फौजी होते," मी म्हणाले. "दापोडीला. लहानपणी."

सुभेदारांचा चेहरा उजळला. "असं म्हणा की. कुठल्या रेजिमेंटचे?"

"ते नाही माहीत."

"रँक काय होती?"

"तेही…"

"बरं, पोस्टिंग कुठं कुठं झालं?"

मला आठवत होते ते काका रोज सकाळी सायकलवरून जायचे आणि रोज संध्याकाळी परत यायचे. "दापोडीतच," मी म्हणाले.

"कायम दापोडीत?"

"हो."

सुभेदारांनी माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेनं पाहिलं. "नशीबवान माणूस," म्हणाले आणि मागून आलेल्या ट्रकसाठी दांडी वर करायला वळले.

मी बसमध्ये जाऊन बसले. मोशी गेली, भोसरी गेली, तरी डोक्यात तेच. फौजी म्हटलं की राजस्थान, काश्मीर, कुठंतरी लांब. आमचे फौजीकाका तर दिवाळीत, गणपतीत, नळाला पाणी आलं तेव्हा, सगळ्या वेळी गल्लीतच असायचे. हे मला इतक्या वर्षांत खटकलं कसं नाही?

दापोडीत आमची गल्ली रेल्वेच्या अंगाला. रुळांच्या पलीकडे थोडं पुढं गेलं की मिल्ट्रीचं आवार, तारेचं कुंपण आणि आत नीट कापलेली झाडं. पहाटे तिकडून बिगुल ऐकू यायचा. आमच्या गल्लीत बीडचे, सोलापूरचे, कोकणातले, सगळीकडचे लोक. आम्ही बीडकडचे. फौजीकाका मात्र इथलेच, मावळातल्या एका गावचे. सगळे गावाकडची बोली बोलायचे आणि एकमेकांना हसायचे. काकांच्या बोलीला मात्र कुणी हसायचं नाही. ते मावळी बोलता बोलता मध्येच असा एखादा शब्द टाकायचे की समोरचा आपोआप ताठ उभा राहायचा.

नळावरच्या भांडणाला तर त्यांच्या एका शब्दानं वळण लागलं. बायका हंडे घेऊन एकमेकींच्या अंगावर जात होत्या. काका दारातून नुसते म्हणाले, "फॉलिन." काय म्हणाले ते कुणालाच कळलं नाही, पण हंडे रांगेत लागले. दुसऱ्या दिवसापासून पाणी आलं की बायकाच एकमेकींना म्हणायला लागल्या, "ए, फॉलिन व्हा गं."

माझ्या आईची पहिली गंमत फटीगवरून झाली. काका एका रविवारी आमच्या दारात येऊन म्हणाले, "उद्या सकाळी फटीग हाय, समद्यांनी यायचं." आईनं हा शब्द डॉक्टरांच्या तोंडून ऐकला होता, तिला वाटलं, काकांना थकवा आलाय, अंगात शक्ती नाही. तिनं सकाळी त्यांच्याकडे लापशी करून पाठवली. काका दारात फावडं घेऊन उभे. फटीग म्हणजे सगळ्यांनी मिळून करायचं अंगमेहनतीचं काम, हे आईला तेव्हा कळलं. तुंबलेलं गटार काढायचं होतं. वडील गटारात उतरले, काकांनी उभ्या उभ्या लापशी खाल्ली आणि मग तेही उतरले. पुढे आईनं तो शब्द उचलला आणि हळूहळू तिच्या सोयीचा करून घेतला. दिवाळीची साफसफाई म्हणजे फटीग. मग पाहुणे येणार असले तरी फटीग. आता तर ती टीव्हीवरची एखादी मालिका लांबली की म्हणते, "काय फटीग लावलीय."

सगळ्याच शब्दांचं असं झालं. रगडा म्हणजे फौजेत दमवून दमवून काढतात ते. आमच्या गल्लीत गणिताच्या शिकवणीला रगडा म्हणायचे. काकांच्या घरात खाऊ ठेवायचं एक कुलपाचं कपाट होतं, त्याला ते कोत म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरीही लाडवाचा डबा कोतात असायचा. आणि सर्वांत मोठी शिवी म्हणजे सिव्हिल, फौजेबाहेरचा. कुणी रांग मोडली, कुणी उशिरा आलं, कुणाच्या चपला दारात वाकड्या पडल्या की, "अगदीच सिव्हिल आहेस." गल्लीत सगळे सिव्हिलच होते. पण एकमेकांना सिव्हिल म्हणताना कुणाला काही वाटायचं नाही.

आणि रमटोल. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला कुणीतरी ओरडायचं, "रमटोल." की लपाछपी तिथंच थांबायची. धरलेला गडी सुटायचा, भांडण असेल तर तेही थांबायचं आणि सगळे काकांच्या ओट्यावर जाऊन बसायचे. काका मोठ्या पातेल्यात चहा करून ठेवायचे. आम्हा मुलांना अर्धा अर्धा कप मिळायचा. त्या चहात आलं इतकं असायचं की डोळ्यांत पाणी यायचं. रमटोल म्हणजे काम थांबवून बसायचं, हा अर्थ माझ्या मनात तेव्हापासून पक्का.

चाकणला मी ट्रेनिंगच्या कामाला आले तेव्हा हेच शब्द माझ्या उपयोगी पडले. परभणीच्या मुलाला खेडचा मुलगा काय बोलतो ते कळत नाही, वाशीमची मुलगी दोघांना हसते. फॉलिन मात्र तिघांनाही सारखंच नवीन. दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी बसतं. मशीनवर काम करताना मध्ये थोडी विश्रांती द्यायची असली की मी म्हणायची, "चला, रमटोल." मुलं हसत बाहेर जायची. प्रशिक्षण संपलं की ती दुसऱ्या लाइनवर, दुसऱ्या कंपनीत जायची. शब्द बरोबर घेऊन जात असतील, असं मला कधी वाटलं नाही.

मागच्या लग्नसराईत राजगुरुनगरला एका लग्नाला गेले होते. पहिली पंगत उठली तसा केटरिंगचा एक माणूस वाढप्यांना म्हणाला, "आता रमटोल घ्या रे, दुसरी पंगत बसेपर्यंत." माझ्या हातात ताट होतं, मी तशीच उभी राहिले. मी त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "भाऊ, तुम्ही दापोडीचे का?"

"नाय ओ, मी इथलाच. का?"

"हा शब्द कुठून घेतलात?"

"कोणता शब्द?"

"रमटोल."

तो गोंधळला. "आमच्यात असंच म्हणतात," म्हणाला आणि भाताचं पातेलं उचलून गेला.

नंतर एकदा सुभेदारांनी माझ्या तोंडून रमटोल ऐकला. लगेच आले. "मॅडम, हा कुठला शब्द?"

"तुमचाच की. फौजेतला."

"नाही."

"असेल. तुम्ही ऐकला नसेल."

"अख्खी नोकरी झाली माझी. पंजाबपासून आसामपर्यंत फिरलो. नफरी आहे, फटीग आहे, काशन आहे, कोत आहे. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली बरं का, तुम्ही मघाशी त्यात बिस्किटं आहेत म्हणालात. पण रमटोल नाही."

मला वाटलं, विषय संपला. पण त्यांच्या मनाला ते लागून राहिलं. त्यांनी आपल्या जुन्या सोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर विचारलं. पुढचे काही दिवस गेटवर रोज नवीन उत्तर मिळायचं. एक निवृत्त नाईक म्हणाला, संध्याकाळी रम मिळायची आणि मग रोलकॉल व्हायचा, म्हणजे हजेरी. दोन्ही मिळून रमटोल. दुसऱ्यानं लिहिलं, संध्याकाळी झेंडा उतरवताना घंटेचे टोल पडायचे, ते ऐकून रमायचं, म्हणून रमटोल. मला दोन्ही पटलं. सुभेदारांना एकही नाही. ते म्हणाले, "मॅडम, मला त्या फौजीसाहेबांना भेटवा. ते आहेत ना अजून?"

काका होते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी आणि जावई त्यांच्याजवळ राहत होते. माझी आई अजून त्याच गल्लीत राहते, त्यामुळे मी अधूनमधून त्यांना बघत होते. वाकले होते, ऐकू कमी यायचं, पण ओट्यावर रोज बसायचे. एका रविवारी सकाळी सुभेदार मला घ्यायला आपल्या गाडीतून आले. कडक इस्त्रीचा शर्ट, चकाचक बूट. मागच्या सीटवर पेढ्यांचा बॉक्स.

काकांच्या दारात सुभेदार टाच जुळवून उभे राहिले. "राम राम साब."

"राम राम. या, बसा," काका म्हणाले.

माझी आईही येऊन बसली होती. काकांच्या मुलीनं पाणी दिलं. सुभेदार खुर्चीत बसेनात. काका बसल्यावरच ते बसले. मग पुढे वाकून, जरा मोठ्यानं त्यांनी विचारलं, "साब, आपली कंपनी कुठली?"

"ठेकेदाराची," काका म्हणाले.

सुभेदारांना वाटलं, ऐकू आलं नसेल. "तसं नाही. कंपनी म्हणतोय. अल्फा, ब्राव्हो, चार्ली, कुठली?"

"असलं नाव न्हवतं तिचं. ठेकेदार पंजाबी व्हता. चांगला माणूस. पुढं त्याच्या पोरानं बंद केली."

मी सुभेदारांकडे बघितलं, ते माझ्याकडे बघत होते.

"तुमचं काम काय होतं तिथं?" सुभेदारांनी विचारलं. साब म्हणायचे ते आता तुम्ही म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं.

"च्या," काका म्हणाले. "वेट कँटीनला. सकाळी समोसं, दुपारी पकोडे, सांजच्याला पुन्ना च्या. जवान लोक परेडवरनं आलं की कँटीनला गर्दी. उभ्याउभ्या बोलत बसायचे."

वेट कँटीन म्हणजे जवानांसाठी चहा-फराळाची टपरी असते, आवाराच्या आतच. ठेकेदाराकडून चालवतात. हे मला सुभेदारांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला एवढंच समजलं की काका फौजी नव्हते. कधीच नव्हते. मी आईकडे पाहिलं. ती निवांत पेढा खात होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"व्हय. त्याच्यात काय."

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू इचारलंस कवा? तुझे वडील तर त्यांना फौजीच समजायचे. मी म्हणलं, समजू द्या, कुणाचं काय बिघडायलंय."

मी काकांना विचारलं. आवाज चढू नये असा प्रयत्न केला, पण थोडा चढलाच असेल. "काका, तुम्हीच आम्हाला सांगायचात ना, मी फौजेत आहे म्हणून?"

"कवा?" काका म्हणाले.

आणि मला एकही दिवस आठवेना. त्यांची अर्धी खाकी चड्डी आठवत होती, बारीक कापलेले केस, ओट्यावर सरळ पाठीनं बसणं, फॉलिन म्हणतानाचा आवाज. 'मी फौजेत आहे' असं म्हणतानाचे काका आठवत नव्हते. मला वाटलं, थोडं थांबलं तर आठवेल. थांबून बघितलं, पण नाहीच.

मग त्यांची मुलगी बोलली. "आईनं घरमालकाला सांगितलं होतं. खोली बघायला आले तेव्हा मालकानं विचारलं, नवरा कुठं असतो? आई म्हणाली, मिल्ट्रीत असतात. आमच्या गावाकडं तसंच म्हणतात. आवारात कामाला जाणारे सगळे मिल्ट्रीतच. मालकाला वाटलं, जवान. लगेच खोली दिली."

"तिनं खोटं सांगितलं न्हाई," काका म्हणाले. "मिल्ट्रीतच व्हतो की मी."

"पण लोक फौजी म्हणायला लागले, तेव्हा?"

काकांनी हाताची बोटं एकमेकांत घातली. "पैल्यांदा पोरांनी म्हणलं तवा भ्यालो. म्हणलं, कुणी आवारात जाऊन सांगितलं तर ठेकेदार हाकलील. मग म्हणलं, पोरंच हायती. मग पोरं मोठी झाली आन सांगायचं राह्यलं."

"आणि शब्द? फॉलिन, नफरी?"

"दिवसभर कानाव त्येच पडायचं. नफरी किती, म्हंजी च्या किती टाकायचा. घरी आलो की तोंडातनं त्येच यायचं. तुमच्या काकू म्हणायच्या, कँटीन तिकडंच ठिवून येत जावा."

सुभेदार उठले. "एक फोन आहे," म्हणाले आणि बाहेर गेले. फोन वाजलेला मी ऐकला नव्हता. ते ओट्याच्या कडेला गल्लीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता हे मला इथंच सोडून निघून जातील, आणि गेले तर मी काय म्हणणार? ज्या माणसानं उभी हयात फौजेच्या कपड्यात काढली, त्याच्यासमोर मी चहावाल्याला साहेब म्हणून बसवलं होतं. पण मलाही कुणीतरी तसंच बसवलं होतं. कुणी, तेच कळत नव्हतं. राग धरावा असा माणूस सापडेना.

सुभेदार आत आले. बसले. मग म्हणाले, "काका, एकच सांगा. रमटोल हा शब्द कुठल्या पलटणीकडून ऐकलात?"

"कंचा?"

"रमटोल."

काका हसले. पहिल्यांदाच. "त्यो मिल्ट्रीचा कुठं? त्यो या पोरांचा." माझ्याकडे बोट दाखवलं त्यांनी. "सांजच्याला ओरडत यायची. मला वाटलं, शाळंत शिकिवला आसल. मी म्हणलं, रमटोल तर रमटोल, च्या ठिवूया."

"काका, आम्ही तर तुमच्याकडून घेतला."

"न्हाई गं बाय. मला त्याचा अर्थबी ठाव नाय."

मी आईला विचारलं. आईला वाटत होतं, तो कोकणी शब्द आहे, समोरच्या कोकणातल्या मुलांचा. काकांच्या मुलीला वाटत होतं, तो आमच्या बीडकडचा. आई म्हणाली, बीडकडे असं कुणी म्हणत नाही. माझ्या तोंडात हा शब्द कधी आणि कुणामुळे आला, हे मी खूप मागे जाऊन आठवायचा प्रयत्न केला. आठवण जिथून सुरू होते तिथं आम्ही आधीच ओरडत असतो.

काकांनी मुलीला चहा ठेवायला सांगितलं. सुभेदारांनी चहा घेतला. आलं जास्त होतं. त्यांनी डोळे पुसले, पण ते आल्यामुळेच असावं. निघताना त्यांनी काकांना राम राम केला, या वेळी टाचा न जुळवता.

गाडी सुभेदार चालवत होते. नाशिक फाट्यावर पुलाखाली गाड्या अडकल्या होत्या. तेव्हा ते म्हणाले, "आत असताना राग आला होता. आता बघतोय तर कशाचा आला होता ते सापडत नाही. माणूस काही बोललाच नाही खोटं."

"मला माहीत नव्हतं, साहेब."

"तुम्हाला कुठं कोण काय म्हणतंय." थोड्या वेळानं ते म्हणाले, "आता गंमत सांगू? काल आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, रमटोल आमच्या चौकीवर रोज म्हणायचो. बर्फात. संध्याकाळी गरम पाणी मिळायचं तेव्हा."

"मग तो खोटं बोलत असेल."

"तो नाही बोलणार. त्याच्याबरोबर मी त्याच चौकीवर होतो. मी तर नाही ऐकला. पण कालपासून विचार करतोय, तर मलाही वाटायला लागलंय की ऐकला असेल."

समोरची गाडी हलली, आम्हीही हललो.

नव्या बॅचच्या वेळी मी ठरवलं, हे शब्द आता पुरे. आपले नाहीत, ज्यांच्याकडून घेतले त्यांचेही नाहीत, आणि ज्यांचे आहेत त्यांच्यासमोर वापरायला आता लाज वाटत होती. मुलं शेडबाहेर उभी होती. मला त्यांना रांगेत यायला सांगायचं होतं. "या, असे… नीट उभे राहा," मी म्हणाले. सगळे जिथं होते तिथंच जरा नीट उभे राहिले. मी पुन्हा म्हणाले, "एकामागे एक." ते एकमेकांकडे बघायला लागले. हजेरी घेताना माणसं किती आहेत, असं विचारलं. एक जण म्हणाला, "मुली पण धरायच्या का मॅडम?" सकाळ अशीच गेली. घसा दुखायला लागला.

दुपारी परभणीच्या एका मुलीनं हात वर केला. ती आदल्याच दिवशी गावाहून आली होती, कंपनीतला तिचा पहिला दिवस. "मॅडम, रमटोल कधी असतो?"

मी तो शब्द सकाळपासून एकदाही उच्चारला नव्हता. "तुला कुणी सांगितला हा शब्द?"

"माझी ताई आहे ना इकडं, दुसऱ्या कंपनीत. ती म्हणाली, चाकणला जेवणाच्या अगोदर रमटोल असतो." मग माझा चेहरा बघून तिनं घाईघाईनं विचारलं, "इथं नसतो का?"

"असतो," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

मुलं बाहेर गेली. गेटवर सुभेदार उभे होते. मुलांनी त्यांना विचारलं असावं, कारण ते हातानं झाडाखालची सावली दाखवत होते. त्यांच्या ओठांवरून मला कळलं नाही ते काय म्हणाले. नंतर विचारायचं ठरवलं होतं, पण विचारलं नाही.

त्यानंतर ते दापोडीला जायला लागले. मला न सांगता. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी काकांच्या ओट्यावर जाऊन बसतात, असं आईनं फोनवर सांगितलं. मी विचारलं, "काय बोलतात?"

"काय की. हे बोलतेत, ते ऐकतेत. मग ते बोलतेत, हे ऐकतेत. मधी च्या."

"कशाबद्दल?"

"समोशाबद्दल बोलायलते काल. कुठं चांगला मिळायचा, कुठं वाईट. एका गावाचं नाव दोघांनाबी येईना, तर लेकीला फोनवर शोधायला लावलं."

एकदा मी सुभेदारांना विचारलंच, "तुम्हाला चालतं? गल्लीतले लोक त्यांना अजून फौजी म्हणतात."

त्यांनी गेटची दांडी खाली केली. "चालायला नको," म्हणाले. "पण तिथं बसलं की ते नको वाटत नाही. घरी आल्यावर वाटतं. मग परत जावंसं वाटतं." एवढं बोलून त्यांनी एका टेम्पोवाल्याचं चलन तपासायला घेतलं.

परवा आईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, "अगं, ते कंपनीवाले आजारी हायेत का? या रविवारी आले नाहीत. फौजीकाका वाट बघायलेत."

"कोण कंपनीवाले?"

"तुझ्या कंपनीतले. उंच. पोरं त्यांना कंपनीवाले म्हणतेत."

"आई, ते फौजी आहेत. खरे. सुभेदार होते ते."

"असतील," आई म्हणाली. "मग काकांना काय म्हणायचं?"

तिकडे मागे कुकरची शिट्टी झाली. आई म्हणाली, "बरं, तू सांग नंतर," आणि तिनं फोन ठेवला.